आयत्या घरट्यातली पाकोळी

पक्ष्यांच्या कुठल्याही फील्ड गाईडमध्ये चित्राशेजारी काडेपेटीएवढा एक नकाशा असतो. पक्षी जिथे सापडतो तिथे रंग, नाही तिथे पांढरं. खरं सांगायचं तर मला पक्ष्यांच्या आधी हे नकाशेच आवडायला लागले. आमच्या धंद्याचा परिणाम असावा, चित्राआधी डेटाकडे लक्ष जातं :-)

या नकाशांमुळे एक प्रश्न मात्र बरेच दिवस डोक्यात होता. रंग संपतो तिथे नक्की काय संपतं? समुद्र लागला, वाळवंट लागलं, तर समजू शकतो. पण सपाट जमीन, तीच हवा, तेच किडे, आणि तरी मध्येच रंग संपलेला. चालणाऱ्या प्राण्याचं ठीक आहे, नदी आडवी येते, डोंगर येतो. उडणाऱ्या पक्ष्याला कोण अडवतं? त्यातही पाकोळीला? जिचा जन्म हवेत जातो, तिला शंभर किलोमीटर म्हणजे आपलं कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन येण्यासारखं. तिच्या नकाशाला तर कडाच नसायला हव्यात.

या प्रश्नाचं थोडंफार उत्तर मला आफ्रिकेतल्या एका पाकोळीनं दिलं. आजची पोस्ट तिच्याबद्दल. लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी एक खुलासा. पाकोळी आणि भिंगरी यांत आपल्याकडे सर्रास गोंधळ होतो, आणि पाकोळी म्हटलं की काहींच्या डोळ्यांसमोर वटवाघूळही येतं. ओळखायची सोपी खूण अशी: तारेवर ओळीनं बसलेले दिसतात ते भिंगरीचे थवे. पाकोळी तारेवर कधीच बसत नाही, कारण तिला तसं बसताच येत नाही. तिचे पाय इवलेसे, बोटं उभ्या भिंतीला नखं रुतवून लटकण्यापुरती. जमिनीवर उतरणं ती टाळते, कारण उतरलीच तर त्या लांबलचक पंखांनी पुन्हा उठताना मारामार होते. खाणं हवेत, पिणं पाण्यावरून उडता उडता, घरट्याचं सामान गोळा करणं तेही हवेतच. २०१६ साली स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या संशोधकांनी युरोपातल्या साध्या पाकोळ्यांच्या पाठीवर छोटी यंत्रं बसवून दाखवून दिलं की त्यांतल्या काही विणीचा काळ सोडून जवळजवळ दहा महिने अखंड हवेत असतात. दोघींची अंगकाठी सारखी दिसते ती दोघींचा धंदा एक, उडते किडे पकडणं, म्हणून. नातं विचाराल तर पाकोळीची जवळची भावकी अमेरिकेतल्या हमिंगबर्डशी आहे, आणि भिंगरी चिमण्या-बुलबुलांच्या गोतावळ्यातली.

तर, ऑगस्ट २०२२ ते एप्रिल २०२४ मी कामासाठी जोहान्सबर्गला होतो. ऑनसाईटचं नेहमीचं: ऑफिसजवळचं भाड्याचं घर, दोन मजली बैठ्या इमारतींचं कॉम्प्लेक्स, कुंपणाला विजेच्या तारा. आणि लोडशेडिंग! हा शब्द आपल्याइतकाच तिकडच्या लोकांच्याही तोंडात आहे हे तिथे गेल्यावर कळलं. २०२३ साल तर त्या देशातलं आजवरचं सगळ्यात वाईट गेलं. संध्याकाळी दोन-दोन तास वीज गेली की सगळं कॉम्प्लेक्स अंगणात, व्हरांड्यात येऊन बसायचं. पक्षी बघायचा नाद लागायला याहून चांगली सोय नाही.

आमच्या व्हरांड्याच्या छताखाली एक मातीचं जुनं घरटं होतं. बसक्या मडक्यासारखं, छताला चिकटलेलं, आणि आत जायला बोगद्यासारखी आडवी नळी. सप्टेंबरात त्याचे मालक आले. इंग्रजीत ग्रेटर स्ट्राइप्ड स्वॅलो. मी आपलं नाव ठेवलं रेघाळ भिंगरी: डोक्यावर नारिंगी टोपी, पांढऱ्या छातीवर बारीक रेघा. हिवाळा आणखी उत्तरेकडे काढून ही वीण करायला दक्षिणेत येते. घरट्याची नळी मधे तुटली होती, ती दुरुस्त करायची तर चिखल हवा, आणि जोहान्सबर्गला सप्टेंबर कोरडा ठाक. शेवटी आवारातला एक नळ गळत होता, तिथे जोडीनं तळ ठोकला. चोचीत मटाराएवढा गोळा घ्यायचा, आणून थापायचा, परत जायचं. दिवसभरात किती फेऱ्या होतात ते मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

ऑक्टोबरच्या शेवटी दुसरी जोडी आली. काळी, गळा पांढरा, शेपूट खोल दुभंगलेली आणि शेपटीच्या वर एक अरुंद पांढरा पट्टा. व्हाइट-रम्प्ड स्विफ्ट. हिला मी पांढरपट्टी म्हणतो. चौदा-पंधरा सेंटिमीटरचा जीव. सुरुवातीला त्या नुसत्या घिरट्या घालत, नळीच्या तोंडाशी क्षणभर लटकत आणि जात. मग एक दिवस आत शिरल्या. आतून चिरचिर आवाज, भिंगऱ्या बाहेर तारेवर. हा प्रकार पाच-सहा दिवस चालला. एका सकाळी फरशीवर फुटलेलं अंडं दिसलं. त्यानंतर आठवड्याभरात नळीच्या तोंडाशी दोन-तीन पांढरी पिसं चिकटलेली दिसली, वाऱ्यावर भुरभुरणारी. पुस्तकात बघितलं तर ही त्यांची ठरलेली खूण निघाली. हवेत तरंगणारी पिसं, गवताच्या काड्या झेलायच्या, आत नेऊन थुंकीनं चिकटवायच्या. काही तोंडाशीच राहतात. मातीच्या घरट्याला पिसं दिसली की समजायचं, भाडेकरू बदलला.

त्या दिवसांत आई आली होती पुण्याहून. तिनं हा सगळा तमाशा खुर्ची टाकून बघितला. तिचा निकाल तयारच होता.

"आयत्या बिळावर नागोबा! हाकल की रे त्यांना. झाडू देऊ का?"

शेजारी एक वयस्क बाई एकट्या राहायच्या. आफ्रिकान्स बोलणाऱ्या घरांत वयानं मोठ्या बाईला ‘तान्नी’ म्हणतात, आपल्या मावशी-काकूसारखं. तान्नींचंही मत आईसारखंच. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण भिंगरीच्या बाजूनं दोघींची युती झाली. तान्नींकडून एक शब्द मात्र छान मिळाला. आफ्रिकान्समध्ये भिंगरीला ‘स्वाल’ आणि पाकोळीला ‘विंडस्वाल’ म्हणतात, म्हणजे वाऱ्याची भिंगरी.

मी मात्र झाडू घेतला नाही. भूतदया वगैरे काही नाही, मला उत्सुकता होती. पण आईला उत्तर द्यायचं म्हणून शोधायला बसलो आणि लक्षात आलं की पांढरपट्टीला असलं घर बांधता येणंच शक्य नाही. चिखल आणायचा तर जमिनीवर उतरायला हवं, आणि तिथेच सगळं अडतं. तिच्या हातात काय, तर हवेतलं पीस आणि तोंडातली थुंकी. कधी कधी ती भिंतीच्या फटीत स्वतःचं घरटं करतेही, पण तिची खरी पसंती भिंगऱ्यांच्या बंद मडक्यांना. पिल्लांचं गणितही बघा. भिंगरीची पिल्लं साधारण चार आठवड्यांत उडून जातात, पाकोळीची सहा आठवडे किंवा जास्तच घेतात. इतके दिवस उघड्यावर काढायचे तर शिकारी पक्षी, पाऊस, सगळंच आलं. जोहान्सबर्गला उन्हाळ्यात दुपारी चार वाजता गारांसकट वादळ येतं, त्यात बंद मडक्याला पर्याय नाही.

हे सगळं मी आईला सांगितलं. ती काही बोलली नाही. मग दोन-तीन दिवसांनी, वीज गेलेली असताना, अंधारात म्हणाली, "आपण वाड्यात होतो ना, तेव्हा मालकही हेच म्हणायचे आपल्याला. आयत्या बिळावर नागोबा."

आम्ही पुण्यात पेठेतल्या एका वाड्यात दोन खोल्यांत राहायचो, आजोबांच्या वेळेपासून. १९४७ च्या भाडे कायद्यामुळे भाडं जवळजवळ गोठलेलं. मालकांच्या बाजूनं बघितलं तर त्यांचंही खरं होतं, त्या भाड्यात कौलं शाकारणंही शक्य नव्हतं. पण आमची दुसरीकडे जायची ऐपत नव्हती हेही तेवढंच खरं. माझ्या डोक्यात वाडा म्हणजे विहीर, औदुंबर आणि क्रिकेट. आईच्या डोक्यात वाडा म्हणजे जिन्यात मालक भेटले की खाली घालायची मान. हे मला चाळिशी उलटल्यावर जोहान्सबर्गच्या लोडशेडिंगमध्ये कळलं. असो. त्यानंतर तिनं झाडूचा विषय काढला नाही. भिंगऱ्यांनी पार्किंगच्या छताखाली दुसरं घरटं केलं, पाऊस सुरू झाला होता त्यामुळे चिखलाची चिंता नव्हती, आणि जानेवारीत त्यांची पिल्लंही उडाली. आई परत जाण्याआधी दोन्ही घरची पिल्लं बघून गेली.

आता नकाशाकडे येऊ. पांढरपट्टीचा नकाशा उघडला तर सहाराच्या दक्षिणेला, सेनेगलपासून इथिओपियापर्यंत आणि खाली थेट केपपर्यंत रंग दिसतो. काँगो खोऱ्यातल्या घनदाट जंगलात भलंमोठं भोक, नैऋत्येच्या वाळवंटी पट्ट्यातही रंग विरळ. उष्ण भागात ती बारमाही, दक्षिण आफ्रिकेत ऑगस्ट-सप्टेंबर ते एप्रिल-मे एवढीच. आणि मग सहारा ओलांडून वर, मोरोक्को आणि स्पेन-पोर्तुगालच्या दक्षिणेला, रंगाचे काही थेंब सांडल्यासारखे. हे थेंब जुने नाहीत. तिथे ती गेल्या साठेक वर्षांत पोचली आहे, आणि तिच्या पोचण्याची गोष्ट मजेदार आहे.

१९६० च्या दशकाच्या मध्यावर स्पेनच्या दक्षिण टोकाला, काडिझ प्रांतात, काही पक्षीनिरीक्षकांना पांढरा पट्टा असलेल्या पाकोळ्या दिसल्या. युरोपात अशी पाकोळी वीण करत नव्हती. सामुद्रधुनीपलीकडे मोरोक्कोत मात्र पांढऱ्या पट्ट्याची छोटी पाकोळी, ॲपस ॲफिनिस, होतीच. जवळ राहणारा शेजारीच आला असणार, असं सगळ्यांनी धरलं. १९६७ साली ‘आयबिस’ या नावाजलेल्या नियतकालिकात तसं छापूनही आलं. पण छोट्या पाकोळीची शेपूट चौकोनी, पट्टा रुंद. या पाकोळ्यांची शेपूट दुभंगलेली होती, पट्टा अरुंद होता, आणि मुख्य म्हणजे त्या लालबुड्या भिंगरीच्या मातीच्या घरट्यांत राहत होत्या. आफ्रिकेतल्या जाणकारांना ही सवय ओळखीची होती. १९६८ पर्यंत दुरुस्ती झाली: ही ॲपस कॅफर, म्हणजे आपली पांढरपट्टी. शेजारची राहिली बाजूला, सहारापलीकडची येऊन बसली होती.

का आली? लालबुडी भिंगरी त्याआधीच्या काही दशकांत स्पेनमध्ये उत्तरेकडे पसरत होती. पुलांखाली, पडक्या शेतघरांत तिची मडकी वाढत होती. म्हणजे पांढरपट्टीच्या दृष्टीनं नव्या वस्तीत तयार घरं उपलब्ध झाली होती. हवा तीच, किडे तेच. पूर्वी नव्हतं ते एकच: कुणीतरी भाजलेलं नाही पण वाळवलेलं एक मडकं.

(जाता जाता: छोटी पाकोळीसुद्धा पुढे स्पेनला गेलीच. एकविसाव्या शतकात काडिझ प्रांतातल्याच चिपिओनाच्या बंदरात तिची वसाहत आहे. १९६७ ची बातमी अगदीच चुकली नव्हती, थोडी लवकर छापली गेली एवढंच :-))

एकदा ही नजर आली की बाकीच्या आफ्रिकी पाकोळ्यांचे नकाशेही वेगळे दिसायला लागतात. हॉरस पाकोळी घ्या. ती नदीकाठच्या किंवा खाणीच्या मातीच्या कड्यांत, बी-ईटर (आपला वेडा राघू) नाहीतर किंगफिशर (खंड्या) यांनी कोरलेल्या जुन्या बिळांत राहते. तिच्या नकाशात त्या बीळ कोरणाऱ्यांचा नकाशा दडलेला असतो.

ताडपाकोळीचं तर आणखी सोपं. ती ताडाच्या लोंबत्या पानाच्या आतल्या बाजूला पिसांची एक चिमुकली गादी थुंकीनं चिकटवते, आणि अंडीही थुंकीनंच चिकटवून टाकते, नाहीतर वाऱ्यात पडतील. मग आई-बाप उभ्यानं पानाला लटकून अंडी उबवतात. या सवयींवर १९४१ साली सविस्तर लिहिणारा माणूस, रेजिनल्ड मोरो, मुळात हिशेबनीस होता. कैरोत ब्रिटिश सैन्याच्या ऑडिट ऑफिसात आकडे तपासायचा, तिथून १९२८ मध्ये आताच्या टांझानियातल्या अमानीच्या कृषी संशोधन केंद्रात गेला, आणि नोकरी सांभाळून आफ्रिकेतल्या पक्ष्यांच्या घरट्यांवर त्यानं बसून-बसून नोंदी केल्या. पुढे वर उल्लेख केलेल्या ‘आयबिस’चा संपादकही झाला. शनिवार-रविवारवाल्या आम्हा लोकांना असली उदाहरणं फार धीर देतात.

तर ताडपाकोळीचा नकाशा म्हणजे ताडाचा नकाशा. जोहान्सबर्गच्या पठारावर मूळचे ताड नाहीत. लोकांनी बंगल्यांपुढे, पेट्रोल पंपांवर शोभेचे वॉशिंग्टोनिया लावले, अमेरिकेतले. वाळलेली पानं खोडाभोवती झग्यासारखी लोंबत राहतात. गेल्या शतकात ताडपाकोळी या झग्यांच्या मागोमाग दक्षिणेकडे सरकत गेली. आमच्या कोपऱ्यावरच्या पंपावर पेट्रोल भरताना वर बघितलं तर चार-पाच तरी दिसायच्याच.

हे नकाशे तयार कसे होतात हेही तिथेच कळलं, कारण मीही त्यात थोडी भर घातली. दक्षिण आफ्रिकेचा पहिला मोठा पक्षी ॲटलास १९८७ ते १९९१ मधल्या नोंदींवर झाला. दुसरा जुलै २००७ मध्ये सुरू झाला आणि अजून चालू आहे. देशाचे अक्षांश-रेखांशाच्या पाच-पाच मिनिटांचे चौकोन पाडलेत, साधारण आठ बाय नऊ किलोमीटरचे. त्यांना पेंटॅड म्हणतात. तुम्ही एक चौकोन घ्यायचा, कमीत कमी दोन तास नीट फिरायचं, दिसेल तो पक्षी ज्या क्रमानं दिसला त्या क्रमानं लिहायचा, पाच दिवसांपर्यंत भर घालायची. बस्स. डिझाईन म्हणून मला हे फार आवडलं. काम कुणालाही जमेल एवढं छोटं, नियम कडक, आणि बेरीज प्रचंड. नकाशावरचा तो रंग म्हणजे हजारो शनिवार आहेत, कुणाकुणाचे. माझे सतरा.

आता थोडं नावाबद्दल, कारण ते टाळून चालणार नाही. ॲपस कॅफर हे नाव लिश्टेनस्टाइन या जर्मन शास्त्रज्ञानं १८२३ साली ठेवलं. मूळ अरबी शब्द काफिर. आपल्याकडे फारसीतून आला तो काफर. व्यापाऱ्यांच्या तोंडून तो युरोपीयांकडे गेला, त्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या काळ्या लोकांना आणि प्रदेशाला लावला, आणि वर्णद्वेषाच्या काळात ती सगळ्यात घाणेरडी शिवी झाली. आज तिथे हा शब्द कुणाला उद्देशून वापरल्याबद्दल न्यायालयानं तुरुंगवासही दिलेला आहे. ऑफिसातल्या माझ्या एका झुलू सहकाऱ्याला मी पक्ष्याचा फोटो दाखवत होतो. खाली छापलेलं नाव त्यानं वाचलं. म्हणाला, "पक्ष्याचा काय दोष?" आणि मोबाईल परत दिला. पुढे जुलै २०२४ मध्ये, माझ्या परतण्यानंतर, माद्रिदच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र काँग्रेसमध्ये मतदान होऊन वनस्पतींच्या दोनशेहून अधिक नावांतला हा शब्द बदलायचं ठरलं. कॅफ्राचं आफ्रा, एक अक्षर काढलं की झालं. प्राण्यांच्या नावांचे नियम वेगळे आहेत, तिथे तो तसाच आहे. माझ्यापुरती ती पांढरपट्टी.

आता या सगळ्यातला तो भाग, ज्यासाठी खरं तर लिहायला बसलो.

मे २०२३ मध्ये कॉम्प्लेक्सच्या कमिटीची नोटीस आली. जूनमध्ये बाहेरून रंगकाम, छताखालची जुनी, रिकामी मातीची घरटी काढून टाकली जातील. कमिटीची बाजूही समजण्यासारखी. भिंतीवर विष्ठेचे ओघळ, दर वर्षी तक्रारी. शिवाय जून म्हणजे तिकडे हिवाळा, पक्षी गेलेले, आत अंडी नाहीत की पिल्लं नाहीत. कुणाचा जीव जात नाही. मग हरकत कशाला?

आमच्या धंद्यातल्या लोकांना हे वाक्य ऐकलं की पोटात गोळा येतो: "हे कुणी वापरत नाही, काढून टाकू." मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा अकरा ओळींचा एक कोड त्याच्या लेखकानं काढून घेतला आणि जगभरातली कितीतरी सॉफ्टवेअर बिल्ड व्हायची थांबली. त्यातल्या बहुतेकांना आपण तो वापरतो हेच माहीत नव्हतं. ते वापरत होते दुसरंच काहीतरी, ते तिसऱ्यावर उभं होतं, आणि तळाशी या अकरा ओळी. छताखालचं मडकं असंच. जूनमध्ये ते रिकामं असतं, पण मोकळं नसतं. भिंगऱ्या तेच घरटं दुरुस्त करून वर्षानुवर्षं वापरतात, आणि पांढरपट्टीही पुन्हा त्याच घरट्याकडे येते. एक बांधते, दुसरी वापरते, आणि दोघींच्या वर आपलं छत असतं.

मी कमिटीला मेल लिहिली. भावनेचं काही नाही, नुसती यादी. आवारात पाच घरटी. कुठल्यात कोण होतं. कधी आले, कधी गेले. उपाय म्हणून प्रत्येक घरट्याखाली फूटभर खाली एक आडवी फळी, म्हणजे ओघळ भिंतीवर येणार नाहीत, खर्च माझा. मीटिंगला तान्नी आल्या. त्या अजूनही पांढरपट्टीच्या विरोधातच होत्या, पण म्हणाल्या, "माझ्या भिंगऱ्यांच्या घराला कुणी हात लावायचा नाही." भांडण्यासाठी त्यांना माझ्यापेक्षा जास्त अधिकार होता. मी भाडेकरू, त्या मालक. ठराव झाला: घरटी ठेवायची, फळ्या लावायच्या.

रंगाऱ्यांनी काम फाटकाकडच्या इमारतीपासून सुरू केलं. ठराव त्यांच्यापर्यंत दोन दिवस उशिरा पोचला. तोवर तिथली दोन घरटी पट्टीनं खरवडून निघाली होती. आमच्या बाजूची तीन राहिली.

सप्टेंबरात भिंगऱ्या आल्या. आमच्याकडच्या जोडीनं पार्किंगमधलं घर गाठलं. फाटकाकडची एक जोडी रंगवलेल्या कोऱ्या भिंतीसमोर एक-दोन दिवस फडफडली आणि मग कामाला लागली. नव्या रंगावर माती धरत नव्हती, पहिला थर दोनदा पडला. तीनेक आठवडे लागले. ऑक्टोबरच्या शेवटी पांढरपट्ट्या आल्या. आमच्या व्हरांड्यातलं मडकं जागेवर होतं, तिथली जोडी दुसऱ्या दिवशी आत. फाटकाकडच्या जोडीचं जुनं घर मात्र गेलं होतं. त्या कोऱ्या भिंतीला येऊन लटकायच्या, नेमक्या त्याच जागी, आणि पुन्हा उडायच्या. आठवडाभर. मग त्यांनी त्या नव्या घरट्यातून भिंगऱ्यांना काढलं.

जुनी दोन्ही घरटी राहिली असती तर दोघींची सोय होती. काढली पाकोळीसकट सगळ्यांची म्हणून, आणि त्याची किंमत त्या वर्षी भरली भिंगरीनं, जिच्या बाजूनं सगळं कॉम्प्लेक्स होतं. त्या जोडीनं पुढे कुठे बांधलं का, मला दिसलं नाही.

रंग संपतो तिथे काय संपतं, या प्रश्नाचं उत्तर आता मी असं देतो की पाकोळीच्या बाबतीत तरी बहुधा दुसऱ्या कुणाचं तरी बांधकाम संपतं. हवा सगळीकडे आहे, पण त्या हवेतून वर्षातले दोन-तीन महिने उतरायला एक जागा लागते, आणि ती जागा ताडाच्या, बी-ईटरच्या, भिंगरीच्या हातात असते. हल्ली बऱ्याचदा आपल्याही.

पुण्यात परतल्यावर आमच्या सोसायटीत छोट्या पाकोळ्यांची वसाहत आहे हे पहिल्यांदा नीट बघितलं. हीच ती ॲपस ॲफिनिस, आफ्रिकेपासून आपल्यापर्यंत पसरलेली. सातव्या मजल्याच्या स्लॅबखाली पिसं आणि काड्यांचे एकमेकांना चिकटलेले पुंजके, संध्याकाळी त्यांची किरकिरत गोल फिरणारी टोळी. यांना मडकं लागत नाही, स्लॅबचा कोपरा पुरतो. तुमच्या इमारतीतही असतील. रंगकामाची परांची चढायच्या आधी एकदा वर बघा, आत-बाहेर जा-ये चालू असेल तर कॉन्ट्रॅक्टरला तेवढा कोपरा शेवटी घ्यायला सांगा, आणि पुंजके जागेवर राहू देता आले तर राहू द्या. मुख्य म्हणजे कमिटीचा ठराव रंगाऱ्याच्या हातात स्वतः नेऊन द्या. मेल वाचली जाईल या भरवशावर राहू नका.

आईचा फोन आला की अजूनही विचारते, "तुझ्या त्या नागोबाचं काय झालं रे?" तान्नी फोटो पाठवतात. गेल्या नोव्हेंबरात व्हरांड्यातल्या नळीला पिसं लागली होती.